अक्काच्या कुरडया आणि दिल्लीचा मसुदा

हैदराबादच्या नल्लकुंट्यातलं ऊन कसं असतं हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की तो मला थापाड्या म्हणतो. म्हणू दे. आमच्या गल्लीत भर उन्हाळ्यात कावळे पायी फिरतात. विजेच्या खांबाच्या सावलीत उभं राहायला रांग लागते. त्या रांगेत मी स्वतः एका म्हशीच्या मागे उभा राहिलेला आहे आणि तिनं आपला नंबर शेवटपर्यंत सोडला नव्हता. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस मी, खोटं लिहायची मला सवय नाही. खऱ्याला थोडं तूप लावतो, इतकंच.

त्या उन्हाचं चीज करणारी एकच व्यक्ती आमच्याकडे होती, ती म्हणजे माझी थोरली बहीण. वरच्या मजल्यावर राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. आम्ही तिला अक्का म्हणतो, आणि हैदराबादेत अक्का म्हटलं की मराठी काय नि तेलुगू काय, सगळ्यांनाच ती आपली वाटते. त्यामुळे ती साऱ्या गल्लीची अक्का.

अक्काच्या कुरडया ही गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. तीन दिवस गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे हिंग-मीठ घालून तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवरच्या कापडावर कुरडया पाडायच्या. पुढचं काम उन्हाचं. दोन दिवसांच्या कडक उन्हात त्या अशा वाळायच्या की एखादी तेलात टाकली तर ताटाएवढी फुलायची. एकदा मी एक कुरडई मोडली तर तिचा आवाज सिकंदराबाद स्टेशनापर्यंत गेला आणि शिटी झाली समजून एक मालगाडी सुटली. तारनाक्याचे आमचे एक स्नेही रेल्वेच्या कचेरीत होते, ते याला साक्षी आहेत. म्हणजे, नाही म्हणालेले नाहीत.

इथल्या मराठी घरांतून मुलगी सासरी निघाली की रुखवतात अक्काच्या कुरडयांची परडी असायचीच. चिक्कडपल्लीतल्या एका विहीणबाईंनी परडी दिसेना म्हणून मुहूर्त अडवून धरला होता. (अर्धा तास. मी पूर्वी तीन तास सांगत असे.)

आणि मग लागोपाठ तीन उन्हाळे आभाळानं दगा दिला. एरवी कोरडं ठणठणीत आकाश, पण अक्कानं गच्चीवर कापड अंथरलं की दुपारी चारला ढग हजर. पहिल्या वर्षी पाऊस, दुसऱ्या वर्षी गारा, तिसऱ्या वर्षी दोन्ही. ओल्या कुरडया खोलीत पंख्याखाली वाळवल्या तर तांबूस पडल्या आणि त्यांना आंबूस वास सुटला. समोरच्या गच्चीवर दह्यातल्या मिरच्या वाळवणाऱ्या शेजारीणबाई, ज्यांना सारी गल्ली खाला म्हणजे मावशी म्हणते, त्यांच्या मिरच्यांचंही तेच झालं. तिसऱ्या वर्षी अक्कानं भिजलेली कापडं पिळली, सोऱ्या घासूनपुसून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला आणि म्हणाली, "झालं. आता नाही."

खालांनी कठड्यावरून हाक मारली, "अक्का, सोऱ्या काइकू टांग दिये? हमारे मिरचां भी सड़ गए, हम क्या रोते बैठे?"

"तुम्ही बसा किंवा उभ्या राहा," अक्का म्हणाली. "मी आभाळाशी बोलणं सोडलंय."

कुरडया गेल्या असत्या तर मी सोसलं असतं. पण अक्काचा आवाज गेला, हे भयंकर होतं. जी बाई वरून हाक मारायची तेव्हा विद्यानगरच्या चौकातली वाहतूक थांबायची, ती आता जिन्यात भेटली तरी "जेवलास का" एवढंच म्हणून पुढे जायची. मला शिव्या देईना. लहान भावाला याहून मोठी शिक्षा नाही.

त्यातच संक्रांतीच्या सुमाराला आमच्या निवृत्त मंडळींच्या मोबाइलच्या ग्रुपवर एक सूचना येऊन पडली. हवामान बदलावरच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा निघाला आहे, नागरिकांनी त्यावर सूचना कराव्यात. तारनाक्याच्या एका सभागृहात रविवारी बैठक आहे. बोलायचं असेल त्यानं आधी लेखी म्हणणं पाठवावं. प्रत्येकाला तीन मिनिटं.

मी जिना चढून वर गेलो.

"अक्का, दिल्लीहून विचारणा आलीय. उन्हापावसाचं धोरण ठरवतायत. नल्लकुंट्यातल्या लोकांनी विशेषकरून बोलावं म्हणतात."

"दिल्लीला नल्लकुंटा कुणी दाखवला?"

"माझ्या सेवापुस्तकात पत्ता आहे ना."

"लबाडा," अक्का म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दाखव तो मसुदा."

दोन दिवस ती तो वाचत बसली, हातात पेन्सिल घेऊन, वह्या तपासाव्यात तसा. तिसऱ्या दिवशी तिनं मला खालून बोलावून घेतलं आणि रेघांच्या कागदावर लिहिलेलं एक पान पुढे केलं. ते मला आजही पाठ आहे. तुमच्या मसुद्यात शेती आहे, कारखाने आहेत, मोटारी आहेत, समुद्र आहे. उन्हात वाळवणारी माणसं कुठेच नाहीत. कुरडया, पापड, वडियालू म्हणजे इथले सांडगे, मिरच्या, चिंच, मासळी, कच्च्या विटा, धोब्याचे कपडे. आमचा कारखाना म्हणजे ऊन, आणि तो आता न सांगता बंद पडतो. पाऊस येणार असेल तर सकाळीच, गल्लीपर्यंत, आमच्या भाषेत कळवा. आणि प्रत्येक वस्तीत वाळवणासाठी एक आच्छादलेली जागा द्या. शेवटी लिहिलं होतं: धोरणात वाळवण हा शब्द असावा.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. तो शब्द आला तर सोऱ्या खाली उतरेल. नाही आला तर तो भंगारवाल्याला देऊन टाक, माझ्यानं नाही बघवत."

आता हे पान पाकिटात घालून पाठवलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आम्ही कोण? पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरीतली माणसं! आमच्या घरात मूल जन्मलं तर आधी आवक क्रमांक पडतो, मग रडणं. मी ताबडतोब समिती नेमली. चिक्कडपल्लीचे एक निवृत्त वकीलसाहेब, तारनाक्याचे ते रेल्वेवाले, आणि मी. दर संध्याकाळी माझ्या घरी बैठक, चहा, उस्मानिया बिस्किटं.

पहिल्याच बैठकीत वकीलसाहेबांनी दिल्लीचा मसुदा चष्म्याखाली धरला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "याला जोडपत्रांची सूची नाही."

रेल्वेवाले म्हणाले, "मागचा पत्रव्यवहार कुठाय? मागचं धोरण काय होतं, त्यावर कुणी काय शेरा मारला, काहीच नाही. असा कागद आमच्या साहेबांनी खिडकीतून फेकला असता."

"समासही अरुंद सोडलाय," मी म्हणालो. "शेरा लिहायचा कुठे?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. छत्तीस वर्षं मी निळ्या शाईत लिहिलं. हिरवी शाई फक्त साहेबांची. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरव्या शाईचं पेन आणलं आणि तिघांच्या संमतीनं त्या राष्ट्रीय मसुद्यावर, त्या अरुंद समासात, झोकदार अक्षरात शेरा मारला: "त्रुटींसह परत. त्रुटींची पूर्तता करून मागील कागदपत्रांसह फेरसादर करावा." खाली सही. सही करताना मला दिल्लीचं अख्खं मंत्रालय माझ्या टेबलासमोर टोपी काढून उभं असल्यासारखं वाटलं. तिघंही इतके खूश झालो की बिस्किटांचा दुसरा पुडा फोडला.

पाकीट रवाना करताना अक्काचं पान आम्ही परिशिष्ट घ म्हणून जोडलं. म्हणजे जोडल्याचं लिहिलं.

इकडे मी गल्लीतही हिंडत होतो. बैठकीला माणसं हवीत ना! पण "हवामान बदलाच्या धोरणावर नागरिकांचा सहभाग" असं म्हटलं की लोक दार लावून घेतात. मी एकेकाला बाजूला घेतलं. खालांना सांगितलं, दिल्लीनं मिरच्यांबद्दल तुम्हाला नाव घेऊन विचारलंय. धोब्याला सांगितलं, कपड्यांबद्दल एक अख्खी समिती बसलीय, फक्त तुझी वाट बघतायत. वीटभट्टीवर काम केलेला रखवालदार, पापड लाटणाऱ्या चौघीजणी, गल्लीच्या तोंडाशी चिंच विकणारी अम्मा. प्रत्येकाला वाटलं, आपल्यावाचून देशाचं अडलंय. आता मागे वळून पाहताना मला वाटतं की यात खोटं काय होतं? पण त्या वेळी मी ते थाप म्हणूनच मारलं होतं, हे कबूल.

रविवारी तारनाक्याला पोचलो तर सभागृहाचे लोक हादरले. त्यांनी पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या. आमची गल्लीच तेवढी होती, शिवाय गल्लीनं आपले पाहुणे आणले होते. गर्दी इतकी की मी आत शिरलो तेव्हा श्वास घ्यायला सुद्धा चिठ्ठी घ्यावी लागत होती. अक्का पहिल्या रांगेत बसली, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाली, "तुझं काय जातं?"

व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून एक बाई होत्या, केंद्राच्या कुठल्याशा खात्यातल्या, पण इथल्याच, तेलुगू घरातल्या. शांत चेहरा, कोरं पॅड, टोकदार पेन्सिल. त्यांनी आलेल्या सूचनांचा गठ्ठा उघडला. एक प्राध्यापक बोलले, एक सायकलवाल्यांची संघटना बोलली. मग अध्यक्षबाईंनी एक कागद उचलला, जवळ धरला, लांब धरला, आणि त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"हे नल्लकुंट्याहून," त्या हिंदीत म्हणाल्या. "यात सूचना नाही. यात... आमचा मसुदाच आम्हाला परत पाठवलेला आहे. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करा, असं लिहिलंय. हिरव्या शाईत."

हशाचा असा लोट उसळला की छताचे पंखे उलटे फिरले. मी वकीलसाहेबांकडे पाहिलं, ते छताकडे बघत होते. रेल्वेवाल्यांनी खिशातून वेळापत्रक काढून वाचायला घेतलं.

"आणि परिशिष्ट घ सोबत जोडलं आहे असं म्हटलंय," बाई म्हणाल्या, "ते मात्र नाही."

अक्का हळूच माझ्याकडे वळली. "माझं पान कुठाय?"

"सुरक्षित आहे, अक्का."

"कुठे?"

"माझ्या कपाटात. दोन कुलपं लावून." आणि मला घाम फुटला. मूळ कागद कचेरीबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं की आम्ही तिघांनी ते पान आवक करून, शिक्का मारून, फायलीला टाचून, अत्यंत जपून स्वतःकडेच ठेवलं होतं. नक्कल काढायचं काम प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडलं होतं.

"म्हणजे मी लिहिलेलं कुणी वाचलंच नाही."

"आम्ही वाचलं ना."

अक्कानं पिशवीचे बंद हातात गुंडाळले, उठून निघायच्या बेतात असल्यासारखं. मला तो खिळ्यावरचा सोऱ्या दिसला, भंगारवाल्याच्या हातगाडीवर. सूचनेत नियम होताच, ज्याचा कागद नाही त्याला बोलता येणार नाही.

"नल्लकुंट्याच्या प्रतिनिधींनी यावं," माइकवरून पुकारा झाला. "तीन मिनिटं."

मी उठलो. पाय असे कापत होते की सभागृहाच्या पायाला तडा गेला असावा. पुढे त्यांनी डागडुजी केलेली मी पाहिली आहे. माइकपाशी पोचलो आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे शिकलो होतो ते सगळं एका वाक्यात वापरलं.

"मॅडम, परिशिष्ट घ जोडायचं राहिलेलं नाही. ते पाकिटात मावलं नाही. ते चालत आलंय. अक्का, ये."

अध्यक्षबाईंनी भुवया उंचावल्या. वकीलसाहेब इतक्या वेळानं छतावरून खाली आले आणि ताडकन उभे राहिले. "परिशिष्ट तोंडी सादर करायला मनाई करणारं कलम सूचनेत कुठेही नाही!" त्यांनी ती सूचना वाचली नव्हती हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आवाज काय लागला होता!

"सरे, ठीक आहे," बाई हसून म्हणाल्या. "परिशिष्टानं यावं."

अक्का आली. माइककडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, वर्गात शिकवलेल्या बाईला माइक कशाला? पिशवीतून दोन स्टीलचे डबे काढून तिनं टेबलावर ठेवले.

"या डब्यात चार वर्षांपूर्वीच्या कुरडया. आज सकाळी तळल्या. खा."

बाईंनी चावा घेतला. कुर्रर्र! शेवटच्या रांगेतला डुलक्या घेणारा माणूस जागा झाला.

"आता या डब्यातल्या. गेल्या वर्षीच्या. तोच गहू, तेच हात, तोच सोऱ्या. फक्त वाळत असताना पाऊस आला. खा."

बाईंनी खाल्लं. त्या सभ्य होत्या, थुंकल्या नाहीत. पण तोंड असं झालं की पहिली रांग कळवळली.

"हे माझं म्हणणं," अक्का म्हणाली. "तुमच्या मसुद्यात सगळे आहेत, वाळवणारे नाहीत. इथं बसलेल्यांपैकी कुणाकुणाचं काम उन्हावर चालतं, हात वर करा."

आमच्या गल्लीचे हात वर गेले. मग इतरांचे. मग, खरंच सांगतो, इथं तूप नाही, व्यासपीठावर बाईंच्या शेजारी बसलेल्या लघुलेखकानं हात वर केला. "माझी आई चिंच वाळवते," तो पुटपुटला.

खाला उठल्या. "मेरे मिरचां का बी लिखो, अम्मा! तीन साल से सड़ रे!" धोबी म्हणाला, पाऊस कधी येणार हे मला संध्याकाळच्या बातम्यांत कळून काय उपयोग, तोवर चादरी दोरीवर भिजलेल्या असतात. रखवालदारानं कच्च्या विटांचा चिखल कसा होतो ते हातवारे करून दाखवलं. मोसमाचं गणित, वाऱ्याची दिशा, कुठल्या दिवसात दव पडतं, कुठल्या उन्हात रंग उडतो. मी म्हणतो ना, त्या अर्ध्या तासात तिथं जेवढं हवामान बोललं गेलं तेवढं वेधशाळेच्या भिंतींनीही ऐकलं नसेल. तीन मिनिटं कुठली! घड्याळ लावून बसलेला माणूस चांगल्या डब्यातली कुरडई खात होता.

अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली होती. "अय्यो," त्या हळूच म्हणाल्या, "माझी अम्मा वडियालू घालायची. आता विकतचे आणते. मला वाटायचं, वयामुळे सोडलं तिनं. मी कधी विचारलंच नाही." मग पेन्सिल उचलून त्यांनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "अक्का, मी वचन देऊ शकत नाही. नोंद करू शकते."

"नोंदच हवीय," अक्का म्हणाली. "मी सरकारी नोकरांच्या घरातली आहे. वचन घेऊन काय करू?"

परत येताना गल्लीची मिरवणूकच झाली. पण अक्काला कुणी विचारलं तर म्हणायची, कागदावर येऊ दे. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये कावळे पायी चालायला लागले. समोरच्या गच्चीवरून खाला रोज विचारायच्या, "आया क्या?" आणि मी दिवसातून वीस वेळा मोबाइलवर दिल्लीची ती वेबसाइट उघडायचो. इतक्या वेळा उघडली की तिचं दार सैल झालं असेल.

आणि एका सकाळी ती यादी दिसली. गावोगावच्या बैठकांतून आलेल्या सूचनांची यादी. हैदराबादच्या पानावर, सायकलींच्या खाली: घरगुती व लहान व्यवसायांतील उघड्यावरचं वाळवण, अवकाळी पावसाची वस्तीपातळीवर स्थानिक भाषेत पूर्वसूचना, आच्छादित वाळवणाच्या जागा. शेवटी लिहिलं होतं, "विचारार्थ स्वीकृत."

मी छापून घेतलं आणि जिना तीन उड्यांत चढलो. (पायऱ्या बावीस आहेत.)

अक्कानं चष्मा लावला. "मूळ आहे की नक्कल?"

"नक्कल. मूळ दिल्लीच्या कपाटात."

तिनं ते दोनदा वाचलं. मग माझ्यातला जुना कारकून जागा झाला आणि मला राहवलं नाही. "अक्का, फार हुरळू नकोस हं. विचारार्थ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी स्वतः कितीतरी कागद विचारार्थ ठेवलेत."

"मलाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण शब्द फायलीत शिरलाय. आता तो काढायचा तर कुणाला तरी कारण लिहून सही करावी लागेल. तुमच्यात आहे कुणाची तेवढी हिंमत?"

नव्हती. छत्तीस वर्षांत मी तरी पाहिली नव्हती.

तिनं कागद फ्रिजच्या दाराला चिकटवला, स्टुलावर चढली आणि खिळ्यावरून सोऱ्या उतरवला. "उद्या पहाटे ये. हलवायला जोर लागतो. आणि दुपारी छत्री घेऊन गच्चीवर बसायचं, कावळ्यांना हाकलायचं, पश्चिमेला ढग दिसला की ओरडायचं. दिल्लीची पूर्वसूचना येईपर्यंत तूच."

"उद्या?" मी म्हटलं. "अगं, गहू तीन दिवस भिजायला नको?"

तेव्हा माझं लक्ष ओट्याखाली गेलं. मोठं पितळी पातेलं, वर पांढरं फडकं. फडकं उचललं. चीक काढून निवळायला ठेवलेला, वरती नितळ पाणी. म्हणजे गहू भिजून, वाटून, पिळूनसुद्धा झाला होता. चार दिवसांचं काम, आणि कागद तर आज सकाळी आलेला.

मी अक्काकडे पाहिलं. ती सोऱ्याची चकती फडक्यानं पुसत होती, फार मन लावून.

"कागद आला नाही तर सोऱ्या भंगारात देणार होतीस ना?"

"घरात थापा मारायला तू एकटाच आहेस की काय?" अक्का म्हणाली, आणि मग खिडकीतून समोरच्या गच्चीकडे बघून अशी हाक मारली की विद्यानगरच्या चौकातली वाहतूक थांबली. "खाला! मिरच्या काढा!"